आत्याच्या हातावरचा जांभळा डाग

माझी आत्या लॉन्ड्रीत डाग काढते. बोलते नाकातून, आणि शेवटचा शब्द ओढते. "हा चहाचा नाहीऽऽ, साहेब. चहा असा पसरत नाहीऽऽ. खरं सांगा, लाजता काऽऽय?" गिऱ्हाईक कानापर्यंत लाल होतं आणि कबूल करतं. ही नक्कल मी घरी केली की बाबा पोट धरून हसतात आणि आत्या चप्पल शोधते.

तिच्या उजव्या हाताचा विषय मात्र कोणी काढायचा नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. त्यानंतर हाताला जी सूज आली, ती इतकी वर्षं उतरलीच नाही. डॉक्टरांनी दिलेली घट्ट पट्टी कपाटात पडून. "ती घातली की चार जण विचारतात." त्यापेक्षा भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या. तरी विचारलंच कोणी, तर "वजन वाढलंयऽऽ." एकाच हाताचं!

यंदा त्या हातावर, कोपराखाली, जांभळा डाग उठला. दुसरं कोणी घाबरलं असतं. आत्याला वाटलं, कोणाच्या तरी ओल्या कपड्याचा रंग बाहीतून उतरला. आधी साबण लावला, मग लिंबू, मग स्पिरिट. जाईना, तेव्हा स्वतःशीच म्हणाली, "पक्का रंग आहे." शेजारी दुसरा उठला, तर म्हणे टेबलाचा कोपरा लागला असेल. हे सगळं आम्हाला नंतर कळलं.

एका दुपारी ती घरी आली, तर बाही रक्ताने ओली.

"हे काय गं?" बाबा म्हणाले.

"गिऱ्हाइकाचं आहे."

"अंगातल्या सदऱ्यावर?"

आत्या भिंतीकडे वळली. आणि माझ्या तोंडून, सवयीने, तिच्याच नाकातल्या आवाजात निघालं, "खरं सांगा, लाजता काऽऽय?"

कोणी हसलं नाही. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आत्याने खाली मान घालून मनगटाचं बटण काढलं.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी हात पाहून विचारलं, "कधीपासून?"

"परवापासून." बाबांनी तिच्याकडे पाहिलं, तशी म्हणाली, "...उन्हाळ्याआधीपासून."

कातडीचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट आल्यावर बाई म्हणाल्या, "जुना कॅन्सर परतलेला नाही. हा वेगळा, रक्तवाहिन्यांचा. वर्षानुवर्षं सुजलेल्या हातात क्वचित होतो. मुक्या मारासारखा दिसतो, म्हणून लोक फसतात."

"हात राहील?" आत्याने विचारलं.

"बहुतेक नाही. आधी छातीचा स्कॅन पाहू, तिथे पसरलाय का ते."

"लवकर आले असते तर?"

"बरं झालं असतं," बाई हळूच म्हणाल्या. "पण सूज ही काही तुमची चूक नव्हती. लपवायचं काय होतं त्यात?" मग म्हणाल्या, "आमच्या शिकाऊ डॉक्टरांना हे सहसा पाहायला मिळत नाही. बोलावू का?"

आत्याने बाही खाली ओढली. "मुलगे पण असतील?"

"असतील."

तिने एकदा दाराकडे पाहिलं. मग बाही पुन्हा वर सरकवली. "बोलवा."

सगळे आत आले. आत्याने डोळे मिटून तोंड फिरवलं, मानेपर्यंत लाल झाली. हात मात्र दिव्याखाली टेबलावर तसाच ठेवला. दाराशी कोणीतरी टाचा उंचावत होतं. बूट करकरले.

"पुढे या," आत्या भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "तिथून काय दिसणार?"