वहीतली घळ

परवा सकाळी देवासहून एकटाच कुक्षीला गेलो. परतीची बस कुठून मिळते, टपावर दोन सायकली चढवू देतात का... एवढंच विचारून यायचं होतं.

बेत वसंताचा नि माझा. धारच्या मराठी शाळेत आम्ही एका बाकावर. आठवीत गुरुजींनी नदीची कविता चालीवर म्हणून घेतली, आणि त्याच सुट्टीत वसंताच्या मामाकडे कुक्षीला गेलो असताना आम्ही सायकलींवर घळीच्या तोंडाशी पोचलो. खाली नदी, तिच्या कडेने उतरत जाणारा कच्चा रस्ता... अंधार पडेल म्हणून मागे फिरलो. "पुढच्या वर्षी खाली उतरू." त्याला साठ वर्षं झाली.

दिवाळीपासून रोज फोनवर आखणी चालली होती. वय पंचाहत्तर, म्हणून नुसता उतार... जायचं सायकलने, यायचं बसने. कुठल्या वळणावर थांबायचं, कुठे कोणती कविता म्हणायची, सगळं वहीत लिहून त्याला वाचून दाखवायचो. वहिनी मागून ओरडायच्या, "भावोजी, या वयात एकेरीच बेत बरा. परतीचं देव बघेल!"

कुक्षीच्या स्टँडवर चहावाल्याला रस्ता विचारला. तो बघतच राहिला. "बाबूजी, वो घाटी तो कब की डूब गई. अब तो वहाँ नाव चलती है."

धरणाचं पाणी चढल्याचं पेपरात मीही वाचलं होतं हो. पण आपली घळ त्यात असेल, असं कधी मनातच आलं नाही...

टेम्पो करून तिथवर गेलो. नुसतं सपाट पाणी. एका झाडाचा वाळलेला शेंडा वर, त्यावर बगळा. कविता म्हणून पाहिली... ओठांवर येईना.

येताना धारला वसंताच्या घरी उतरलो. वसंता सरकारी खात्यात नकाशे काढायचा. दारातच विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"बुडिताचा नकाशा मीच काढला रे. घळीवर निळी शाई मीच भरली."

"मग इतके दिवस मला खेळवलंस?"

तो चष्मा पुसायला लागला. "पहिल्याच दिवशी सांगणार होतो... पण तू ती कविता म्हणायला लागलास. तुझ्या वहीत घळ अजून शाबूत होती रे भिया. मलाही उतरायचं होतं." मग म्हणाला, "आणलीयेस वही? वाच."

वाचायला घेतली. तिसऱ्या वळणावर वही मिटली. पुढची वळणं त्याने म्हटली... न बघता, एकेक थांबा, एकेक कविता. सगळं पाठ होतं त्याला.

आता कुठेच जायचं नाही. ती नदी पुन्हा दिसायची नाही, आणि दुसरी शोधायला आयुष्य उरलेलं नाही.

वसंताशी भांडावं की त्याचे उपकार मानावेत, कळत नाही. सायकल ओट्यावर उभी आहे, चाकांत हवा भरलेली... ती हवा सोडवत नाही.