इलियासचे प्रोसेसर

भाभींचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या घरी दाढी करत होतो. मोबाइलवर नाव इलियासचं होतं, म्हणून सवयीप्रमाणे आधी एक खोल श्वास घेतला आणि मग फोन उचलला. गेली कित्येक वर्षं इलियासचा फोन मी असाच उचलायचो. पण बोलल्या भाभी, त्याची बायको. "प्रमोदभाई, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं... तोंडावरचा फेस तसाच ठेवून मी पलंगावर बसलो. रडू यायला हवं होतं, पण आली ती भीती. आता अकोल्याला जावं लागणार. तिथे अंगणात जमलेली माणसं मला पाहून म्हणणार, हेच ते प्रमोदभाऊ, यांनीच इलियासला एकदा मरणाच्या दारातून ओढून काढलं होतं. आणि ते खोटं आहे, हे मला ठाऊक होतं.

झालंही तसंच. त्याच्या मोठ्या भावानं माझे दोन्ही हात धरले आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाला, "तुमच्यापायी आमाले हा भाऊ इतकी वर्सं जास्त भेटला." मी मान हलवली. इलियासला खांदा देताना सगळा वेळ मला वाटत होतं, आता कोणीतरी गर्दीतून पुढे येईल आणि म्हणेल, ए, हा खोटारडा आहे. कोणी आलं नाही. या गोष्टीला दीड महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं, असं म्हणतात. इलियासबद्दल चांगलं लिहायला मला वही पुरणार नाही. पण त्याआधी माझ्याबद्दलचं एक वाईट सांगून टाकल्याशिवाय माझ्यानं पुढे लिहवत नाही.

आम्ही शाळेपासूनचे. पुढे मी अमरावतीत बँकेत चिकटलो, आणि तो अकोल्याकडे पशुधन पर्यवेक्षक झाला. म्हणजे मोटारसायकलच्या मागे द्रवरूप नायट्रोजनचा डबा बांधून गावोगाव फिरायचं आणि कृत्रिम रेतनानं गाई भरवायच्या. वळूचं वीर्य त्या नायट्रोजनच्या भयंकर थंडीत टिकतं. डब्याचं झाकण उघडलं की पांढरा धूर उसळायचा आणि गावातली म्हातारी माणसं दोन पावलं मागे सरकायची. त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात कापसाच्या कर्जापायी किती शेतकऱ्यांनी जीव दिला हे मी वेगळं सांगायला नको. इलियास भर दुपारी बंद दिसणाऱ्या घरात शिरताना घाबरायचा. "मी आता भाईरूनच आवाज देतो," तो मला एकदा म्हणाला होता. "आतून कोणी ओ दिली, का मंगच पाय टाकतो. दोन डाव पायलं म्या, पम्या. तिसऱ्या डावाची ताकद नाई मायात." एरवी हा माणूस जत्रेसारखा. कोणाचीही नक्कल करेल, बिगर ओळखीच्या घरी जेवून येईल. पण अशा घरांविषयी बोलताना त्याचा आवाज एकदम खाली जायचा.

या सगळ्यातून सुटायला त्यानं धरली ती नाद म्हणावा अशी गोष्ट. प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं पळवायचा. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. जगभरातले वेडे त्यात भाग घेतात आणि कोणाचा किती पळाला याचे आकडे इंटरनेटवर टाकतात. एकाच नावाचे दोन प्रोसेसर सारखे पळत नाहीत. कुठल्या आठवड्यात बनलेला माल चांगला, हे त्या वेड्यांना पाठ असतं, आणि झाकणावरच्या बारीक अक्षरांवरून ते ओळखता येतं. इलियासकडे बँकेचं कार्ड नव्हतं, इंग्रजीही बेताचं. म्हणून ऑनलाइन खरेदी माझ्या गळ्यात पडली. तो आधी पैसे पाठवायचा आणि फोनवर सांगायचा, "पम्या, त्याले लिही, झाकनाचा फोटो पाठव मना. अक्षरं दिसली पायजेत. बिना फोटोचा माल घेऊ नको, पोरगी पायल्यावानी पाय!" मी दिल्लीच्या नाहीतर बंगळुरूच्या कोणा अनोळखी विक्रेत्याला तसं लिहायचो. पार्सल यायचं माझ्या घरी. ते उघडण्याआधी मी कानाशी धरून हलवून पाहायचो, कारण आत साबणाची वडी निघाल्याच्या कहाण्या तेव्हा रोज ऐकू येत. मी जन्माचाच घाबरट. इलियास हसायचा. मी दर महिन्याला एसटीनं अकोल्याला जायचो आणि एखादं नाजूक अंडं न्यावं तसा तो प्रोसेसरचा डबा मांडीवर धरून बसायचो.

पळवलेला प्रोसेसर तापतो. जितका थंड ठेवाल तितका पळेल. आणि इलियासच्या हाताशी तर जगातल्या सगळ्यात थंड वस्तूंपैकी एक होती. जुना मोठा डबा परत पाठवायचा असला की तळाशी उरलेला नायट्रोजन नाहीतरी उडूनच जायचा. परतवाड्याच्या एका लेथवाल्याकडून त्यानं तांब्याचं एक पेल्याएवढं भांडं करून आणलं. ते प्रोसेसरवर बसवायचं आणि त्यात थोडा थोडा नायट्रोजन ओतायचा. मे महिन्यातली दुपार होती. त्याच्या घरामागे एक चिंचोळी खोली, पूर्वी कुटाराची, म्हणजे गुरांच्या कोरड्या चाऱ्याची. तिथे आम्ही दोघंच. अडचण एकच होती, कूलर. वऱ्हाडात उन्हाळ्यात कूलरशिवाय माणूस भाजून निघतो, पण कूलरची हवा ओली. थंडगार भांड्याजवळ ती आली की पाणी सुटतं आणि सगळी सर्किटं जळतात. म्हणून इलियासनं कूलर बंद केला. बाहेरची गरम हवा नको म्हणून खिडकी लावली. दारही लावलं. बंद खोलीत नायट्रोजन उडू लागला की श्वासाला लागणारा वायू हटवत जातो, हे त्याला नोकरीत शिकवलेलं होतं. पण पेलाभर ओतायचाय, त्यानं काय होते, असं आम्हाला वाटलं.

आकडा चढत होता. इलियास लहान पोरासारखा ओरडत होता, "चाल्ला बे, चाल्ला!" मग तो मोठा डबा तिरपा करताना त्याच्या घामेजल्या हातातून सटकला आणि आडवा झाला. पांढरं धुकं जमिनीवरून गुडघ्यापर्यंत भरत आलं. इलियास डबा उचलायला खाली वाकला. वाकला तो वर आलाच नाही. त्याचा हात धुक्यातून बाहेर आला, टेबलाचा पाय धरल्यासारखं केलं आणि सुटला. माझं डोकं गरगरलं. त्याला ओढावं असं माझ्या मनात आलं, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. मी पळालो. आणि बाहेर पडताना मी मागे हात नेऊन दार ओढून घेतलं... इथे मे महिन्यात दार उघडं टाकून कोणी जात नाही. लहानपणापासून आई ओरडत आलेली असते, दार लाव, झळ येते. माझ्या हातानं ते आपसूक केलं. मी अंगणात लिंबाखाली धापा टाकत उभा राहिलो. किती वेळ, मला ठाऊक नाही.

भाभी बाजेवर शेवया वाळत घालत होत्या. माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, "हे कुठी हायेत?" मी बोट दाखवलं. त्यांनी बंद दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि धावल्या. दार सताड उघडून, पदर तोंडावर दाबून त्या एकट्या आत गेल्या आणि नवऱ्याला काखेत हात घालून उंबऱ्यापर्यंत ओढत आणलं. तेव्हा कुठे मी पुढे झालो आणि पाय धरले. शेजारी जमले त्यांना दिसलो तो इलियासचे पाय धरलेला मी. थोड्या वेळानं इलियासनं डोळे उघडले. गर्दीकडे पाहत, धड आवाज निघत नसताना तो म्हणाला, "पम्यानं काढलं मले." भाभी काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही.

त्या दिवसापासून भीती माझ्या घरी राहायला आली. याला माहीत आहे का? शुद्ध हरपताना त्यानं दार लागल्याचा आवाज ऐकला असेल का? लग्नात, ईदला, बाजारात, जिथे भेटेल तिथे तो माझी ओळख करून द्यायचा, "यानं वाचोलं मले," आणि मला वाटायचं, हा माझी परीक्षा पाहतोय. हळूहळू मी अकोल्याला जाणं टाळू लागलो. बँकेत काम आहे, पाठ दुखते, पाहुणे आलेत. इलियासनं कधी तोंड वाकडं केलं नाही. फक्त दर महिन्या-दीड महिन्यानं त्याचा फोन यायचा, "पम्या, एक चांगला माल दिसून राहिला, मांगव ना." आता पार्सल मी थेट त्याच्याच पत्त्यावर पाठवायला सांगायचो. तो उगाच लांबण लावायचा. जेवला का, झोप येते का, वहिनी कशी हाये. मी तुटक उत्तरं देऊन फोन ठेवायचो. आमची शेवटची भेट होऊन दोन वर्षं झाली होती.

परवा पुन्हा अकोल्याला गेलो. भाभींसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. दार मी लावलं होतं, तेही. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मले त मालूमच व्हतं. अन् त्यायलेबी. त्याच सांजी त्यायनं मले बजावलं, कोनाले सांगू नोको मनून. तुमाले मालूम हाये ना, त्या सालात हे गावागावात काय पाहून येत? मने, शरमेपायी मानसं जाऊन राहिली. पम्या घाबरट हाये, त्याले हे सोसनार नाई. मनून म्याच त्याचं नाव घेऊन टाकलं." मग त्या म्हणाल्या, "पर मंग तुमी येनंच सोडून देल्लं. हे लय भेले, तुमच्या जिवासाठी."

त्यांनी मला त्या मागच्या खोलीत नेलं. खिडकी उघडी होती. कॉम्प्युटर नव्हता. तो त्या प्रकारानंतर महिन्याभरातच इलियासनं कोणाला तरी देऊन टाकला होता, मला न सांगता. भिंतीतल्या फळीवर त्यानंतर मी इतकी वर्षं मागवलेले प्रोसेसर ओळीनं ठेवलेले होते. एकाही डब्याचं सील फुटलेलं नव्हतं. प्रत्येकावर बॉलपेननं काहीतरी लिहिलं होतं, सरकारी नोंदवहीत तो गाईंबद्दल लिहायचा त्या भाषेत. 'पम्या बोलला. आवाज बारीक.' 'झोप नाही म्हणतो. आठ दिवसांनी पुन्हा फोन करणे.' 'आज हसला.' 'आवाज बरा नाही. लवकर दुसरा मागवणे.'

टोकाला एक डबा अजून कुरियरच्या पिशवीतच होता. तो इलियास गेल्यानंतर चौथ्या दिवशी पोचला होता. मी पिशवी फाडून तो उलटसुलट करून पाहिला. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.