उलट्या कणाची पाळी

माही पोरगी परदेशात उलट्या कणाचं काम करते. मी चौथी शिकली, तरी तिनं मले समजन असं सांगतलं. अणूच्या मधात गाठ असते, भोवती इलेक्ट्रॉन फिरतात. हे लोक एक इलेक्ट्रॉन काढून तथी उलटा कण, म्हणजे प्रतिप्रोटॉन, बसवतात. तो लय भारी, म्हणून गाठीच्या जवळ जवळ उतरत जाते. उतरताना एक्स-रे टाकते. गाठीले टेकला का तोबी खतम, गाठीचाबी तुकडा खतम.

"मंग गाठ दिसते काय?"

"गाठ नाई दिसत, माय. त्या एक्स-रेचा उजेड जिथं पायजे तिथून थोडा सरकला, तं गाठीची साल जाड का पातळ ते समजते. आन् आपले नियम एवढ्या जवळबी चालतात का नाई, तेबी."

हे उलटे कण ज्या मशीनवर बनतात, तिथं तिची पाळी वर्षातून एकदा, आठ दिवस. तयारीत तिचे चार वर्ष गेले.

मांगच्या साली पाळी सुरू झाली आन् मी नळापाशी घसरून पडली. उजवा कोपर सुजला. हळद-चुना लावला, वरून कापूस गुंडाळून बांधला. जिनात, म्हणजे सरकी काढाच्या कारखान्यात, काही लागलं का आमी बाया असंच करत होतो. शेजारची पिंजाऱ्याची भाभी म्हणे, "बेटीले फोन लावतो."

"लावला तं तुह्या घरचा चहा पेत नाई."

"बुढ्ढी हो गई, जिद नहीं गई."

माह्या पोरीचा बाप गेला तवा हे सा वर्षांची होती. अकोटच्या जिनात कापूस निवडून हिले वाढवली. ताप आला तरी खाडा केला नाई. आता माह्या हातासाठी तिचा खाडा कावून होऊ देऊ?

रोज संध्याकाळी तिचा फोन येते. मी फोन डब्याले टेकवतो आन् बोलता बोलता वाती वळतो. ते दोन दिवस हात पदराखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी ते म्हणे, "माय, वाती कावून नाई वळून राहिली?"

"कापूस संपला."

"तुह्या घरचा? हात दाखव."

दाखवला.

"एक्स-रे काढला?"

"नाई."

"मी इथं दिवसभर एक्स-रे पाहून राहिली, आन् माही माय चुना लावून बसली. मी निंगतो."

"तू आल्यानं हाड लवकर जुडते काय? पाळी गेली तं वर्ष गेलं."

ते म्हणे, "सकाळच्या बसनं अकोल्याले जा. भाभीले संगं ने. नाई गेली तं मी विमानात बसतो."

गेली. हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणे, दोन दिवस वाया घालवले. पलस्तर केलं. त्याच्यानंतर पोरगी रोज पयले बोटं हलवाले लावे, मंग बोले. पण तिनं पाळी पूर्ण केली.

महिन्यानं आली तवा मी इचारलं, उजेड सरकला काय. म्हणे, "एका जागी सरकला. खरा सरकला का आमची चूक, ते पुढच्या पाळीत पाहू."

कोपर आता सरळ होत नाई. वाती वळता येतात.