भिंतीकडे तोंड करून

क्वेकर्स हिल या ऑस्ट्रेलियन उपनगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या बाई मूळच्या वसईच्या. शनिवारी दुपारी त्यांच्या गॅरेजमध्ये हायस्कूलची चिनी मुलं इंग्रजीच्या सरावाला येतात. व्याकरण, नवे शब्द, सगळं टेबलावर समोरासमोर चालतं. मोठ्याने वाचायची वेळ आली की मात्र बाई आपली खुर्ची फिरवतात आणि भिंतीकडे तोंड करून बसतात. मला हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटायचा. एकदा विचारलंच.

"तोंडाकडे बघत बसलं की पोरांची जीभ अडखळते गं," त्या म्हणाल्या. "पाठीला कोण घाबरतं?"

वाचताना कितीही चुका झाल्या तरी त्या मध्ये बोलत नाहीत. उतारा संपला की भिंतीलाच सांगतात, "नाइस, मेट. परत एकदा वाच बघू... आय मीन, वन्स मोर." इथल्या लोकांसारखं 'मेट' म्हणतात, पण उच्चार अजूनही वसईचाच आहे.

मागच्या शनिवारी मी त्यांचा डबा परत द्यायला गेले. बाई हातात फोन धरून नुसत्या बसल्या होत्या. गावी त्यांची आई वारल्याचं नुकतंच कळलं होतं. समोर एकच मुलगी होती. चीनहून आली तेव्हा ती कितीतरी दिवस तोंडच उघडत नव्हती.

"गो होम, स्वीटी," बाई कशाबशा म्हणाल्या.

मुलगी गेली नाही. तिने आपली खुर्ची फिरवली, भिंतीकडे तोंड केलं आणि उतारा मोठ्याने वाचायला घेतला. मग बाई रडल्या. मुलीने शेवटपर्यंत वाचलं, आणि मागे न बघता परत पहिल्यापासून सुरुवात केली.