कुणाचंही टेबल ठरलेलं नाही

शाळेची नोकरी सोडून मी भिंगारच्या बाजारात एक लांबट खोली भाड्याने घेतली, तेव्हा मालकांनी एकच अट घातली. पोटभाडेकरू ठेवायचा न्हाई. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. लष्कराच्या स्टोअरमधून रिटायर झालेले. मागे एका भाडेकरूने परस्पर पोटभाडेकरू घुसवला होता, आणि तो कोर्टात जाऊन वर्षानुवर्षं हलला नव्हता. चाचांनी त्याची धास्तीच घेतली होती.

आणि माझा तर सगळा बेतच खोलीत चार टेबलं टाकून ती कामाला बसणाऱ्यांना द्यायचा. एकटीला ती खोली झेपणार कशी? शेवटी ओळखीच्या वकिलाने तोड काढली. "भाडेकरू नको, सभासद करा. स्वतंत्र कुलूप नाही, पाटी नाही, कुणाचंही टेबल ठरलेलं नाही. एवढं पाळलंत तर ते पोटभाडं होत नाही." मी तसे फॉर्म काढले. चाचांनी तीनदा वाचून "ठीक हाय" म्हटलं.

तीन सभासद मिळाले. एक विमा एजंट, एक घरांचे नकाशे काढणारे आणि टायपिंगची कामं घेणारी एक मुलगी. तिच्या घरी भावंडांच्या गोंधळात मशीन ठेवायलासुद्धा जागा नव्हती. चौथं टेबल माझं. म्हणजे, नियमाने तेही माझं नव्हे.

मग दसरा आला. ज्याने त्याने आपापल्या हत्यारांची पूजा मांडली. टाइपरायटरला झेंडूची माळ, नकाशाच्या फळीला हळदकुंकू, पावतीपुस्तकावर फूल. चाचा सोनं द्यायला आले ते दारातच थबकले.

"बाई, ही तर चार दुकानं झाली. ज्याची त्याची जागा ठरलेली दिसतीय. महिन्याभरात खोली खाली करा." आपट्याची पानं तेवढी माझ्या हातावर ठेवली आणि गेले.

मी तापट, पण भांडू कशाच्या जोरावर? नियम मीच छापला होता आणि मीच विसरले होते. त्या मुलीचा चेहरा एवढासा झाला. खोली गेली की तिचं कामच गेलं.

दुसऱ्या दिवशी तिने कुणाला न विचारता टाइपरायटरचं ते जड धूड उचललं आणि दाराजवळच्या टेबलावर नेलं. तिसऱ्या दिवशी भिंतीकडच्या. ती जिथे बसेल तिथला माणूस उठून रिकाम्या टेबलावर जायचा. समोरच्या ओट्यावरून चाचा रोज बघत असायचे.

महिना भरत आला आणि एका दुपारी ते आत आले.

"एक फॉर्म द्या," ते म्हणाले.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. घरी बसून लई कंटाळा येतो. पेपर इथंच वाचीन म्हनतो."

त्यांनी सही केली, खिडकीजवळची खुर्ची ओढली आणि त्या मुलीला म्हणाले, "बेटी, मशीन आता एका जागी ठेव. कंबर मोडंल."

माझी जीभ कुठली गप्प बसते. म्हटलं, "चाचा, इथे कुणाची जागा ठरलेली नाही, बरं का."

"ते तुमच्यासाठी," म्हणाले आणि त्यांनी पेपर उघडला.

पुढे काही वर्षं त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं नाही. चाचा गेले त्या वर्षीच्या दसऱ्याला त्या मुलीने दोन माळा आणल्या. एक टाइपरायटरला घातली, दुसरी खिडकीजवळच्या खुर्चीला, आणि नियमाबद्दल कुणी ब्रसुद्धा काढला नाही.