ब्लॉकवरची खोली

आत्याचे यजमान गेले आणि नागपूरच्या सासरच्यांनी तिला ठेवून घ्यायला नकार दिला, तेव्हा बाबा तिला भोपाळला, आमच्या टाउनशिपमध्ये घेऊन आले. क्वार्टरच्या दोन खोल्यांत आई, बाबा आणि मी. आत्यालाही जागा झाली असती. बाबांनी मात्र मागच्या अंगणात तिच्यासाठी पत्र्याची खोली उभारायला घेतली.

पक्का पाया घालायला परवानगी नव्हती, म्हणून खोली काँक्रीटच्या ब्लॉकवर बसवायची होती. बाबा कारखान्यात इंजिनियर. पाण्याची नळी धरून त्यांनी एकेक ब्लॉक पातळीत आणला, केसभर फरक खपवून घेतला नाही. तुला कुठे राहायला आवडेल, हे मात्र आत्याला एकदाही विचारलं नाही.

खोली तयार झाली तेव्हा आत्या दारातच थांबली. "दादा, मी इथे एकटी?"

"अगं, हवेशीर आहे."

आई स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही.

पावसाळ्यात खालची काळी माती फुगली. अंगणातल्या नळाच्या बाजूचे ब्लॉक वर आले, चौकट तिरकी झाली आणि एका दुपारी दार असं अडकलं की आत्या आत कोंडली गेली. आई बाजारात गेली होती. मी कॉलेजातून आले तर आतून पत्र्यावर थापा ऐकू येत होत्या. शेजारच्या काकांनी पहारीने दार उचकटलं. आत्या घामाने निथळत बाहेर आली, पायरीवर बसली.

संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. ते थेट खोलीखाली वाकले. "माती काढून मुरूम भरायला हवा होता. जॅक लावून कोपरा सरळ करतो."

माझं डोकंच फिरलं. "बाबा, आत्या कशी आहे ते तरी विचारा!"

"ओरडू नकोस. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! तिथे सायकली ठेवा. माणूस नाही ठेवायचा."

मी आत्याची गादी उचलली आणि माझ्या पलंगाशेजारी अंथरली. बाबा जॅक कुणाकडे मिळेल ते बघायला निघून गेले.

मुरूम भरल्यावर खोली पुन्हा कधी हलली नाही. आत सायकली आणि कूलर राहिले. आत्या घरातच राहिली, माझं लग्न झाल्यावरही. पाहुणे आले की बाबा त्यांना मागे नेऊन ते ब्लॉक दाखवत. "खास बहिणीसाठी बांधली," म्हणत, आणि चहाचा ट्रे घेऊन आत्या तिथेच उभी असे. ते आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात.