चित्रातली आई काय करत होती

तमिळ मुलखातल्या पेरुंगुडीतली ती चित्राची चोरी मी अजून विसरलेलो नाही. पोलिसातल्या नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण चोरीचा माल पाहून हसू आलं ते त्या एकाच प्रकरणात.

तिथे संगणक कंपन्या नुकत्या उभ्या राहत होत्या. त्यांपैकी एकीतला पुण्याचा तरुण ठाण्यात आला. आमचं घराणं तंजावरचं, घरात मराठीच बोलतो. मी मराठीत "बसा" म्हटलं आणि त्याला रडूच आलं. त्याची बायको आदल्या वर्षी वारली होती. तिने पुस्तकात पाहून एक जुनं डच चित्र रंगवलं होतं: विटकरी फरशीचं घर, अर्धं उघडं दार, खुर्चीत आई आणि तिच्या मांडीत डोकं खुपसलेली मुलगी. तेच भिंतीवरून गेलं होतं. संशय कामवालीवर. तिला त्याने त्याच आठवड्यात काढून टाकलं होतं.

अर्जाची पोच देऊन मी चौकशी सुरू केली. वॉचमनने खबर दिली, जाताना बाईच्या काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. महिला हवालदाराला घेऊन तिच्या घरी गेलो. चित्र ट्रंकेवर होतं, वर धुतलेली साडी पांघरलेली.

"अम्मा, हे तुम्ही घेतलं?"

"हो सार. मीच."

चोर इतक्या लवकर कबूल होत नाही. तो आधी देवाची शपथ घेतो, मग पोराबाळांची. ही कुणाला तरी पाठीशी घालत होती. "का घेतलं?" म्हटल्यावर मात्र नुसती डोळे पुसत राहिली. गुन्हा दाखल झाला असता तर त्या भागात तिला कुणी दारात उभं केलं नसतं.

मी चित्र उजेडात धरून नीट पाहिलं आणि मला हसू फुटलं. ते घेऊन सरळ त्या तरुणाचं घर गाठलं.

"यात काय चाललंय, सांगा."

"आई लेकीला आशीर्वाद देतेय."

"आशीर्वाद कसला डोंबलाचा! उवा काढतेय ती."

"अक्का पण तश्शाच काढायची!" पडद्याआडून त्याची चिमुरडी बाहेर आली. केस कानांच्या वर कापलेले.

मग सगळं उलगडलं. शाळेतून उवा आल्या, तर बापाने वेण्याच कापून टाकल्या आणि खापर कामवालीवर, म्हणजे पोरीच्या अक्कावर फोडून तिला घालवलं.

"चित्र मीच दिलं अक्काला," पोर हुंदके देत म्हणाली. "बाबांना सांगू नको, असंही मीच म्हटलं. इथे आता मला मांडीवर कोण घेतं?"

 

तक्रार मागे घेऊन बाप स्वतः बाईला आणायला गेला. ती आली ती फणी घेऊनच. "शाळेतली पोरं, सार. उवा होणारच," म्हणाली आणि जमिनीवर बसली. पोरीने धावत जाऊन तिच्या मांडीत डोकं घातलं. बाप चित्र हातात धरून तसाच उभा होता; टांगायचं विसरला होता.

वस्तू चोरीला गेली की ती कुणी नेली, हे पोलीस विचारतातच. त्या दिवसापासून मी आणखी एक विचारू लागलो: त्या वस्तूच्या आधी या घरातून काय गेलं होतं?